पांढऱ्या वाटेवरचे दगड

"आज तीन गेले," मी म्हणालो.

पाड्यावरचा वाटाड्या हिरू माझ्या शेजारी उभा राहून चिखलाकडे बघत होता. डाव्या तळहातावर तंबाखू, उजव्या अंगठ्याच्या नखावर चुना. माझ्याकडे बघायचं मात्र त्याने टाळलं.

"डुकरं उधळत असतील, साहेब."

"डुकरं दगड उचलून नेतात?"

"उलथे पाडत्यात. मंग घरंगळतात."

"कुठे घरंगळले? दाखव मला."

त्याने इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं. उतारावर काही नव्हतं. चिखलात जिथे दगड बसवले होते तिथे ताटाएवढे खळगे राहिले होते, आणि खळग्यांच्या कडेला माणसाच्या अनवाणी पायांचे ठसे होते. डुकराला पाच बोटं असतात असं मी तरी कधी ऐकलेलं नाही.

जकात नाक्यावर मी तेव्हा एकवीस वर्षं काढली होती. ट्रकवाला "कांदे आहेत साहेब" म्हणाला की ताडपत्री वर करून, दोन पोती बाजूला सारून, खाली काय आहे ते बघायचं, हा माझा धंदा. त्यामुळे माणूस नजर चुकवतोय हे मला लगेच कळतं, आणि कळलं की ताडपत्री उचलल्याशिवाय मला चैन पडत नाही. बायको म्हणायची, तुम्ही लग्नात वरमाला घालतानाही माझ्या हातातला हार तपासून घेतला होतात. त्यात थोडं तथ्य आहे.

तर झालं होतं असं. आमच्या ठाण्याच्या डोंगरसाथी मंडळाने मुरबाडच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याच्या जंगलात तीन वाटा आखायच्या ठरवल्या होत्या. कुंभेरी नावाचा ठाकरांचा पाडा, तिथून तिन्ही सुरू होणार. लाल वाट कड्याला भिडणारी, कसलेल्यांसाठी. पिवळी वाट अधूनमधून चालणाऱ्यांसाठी. आणि पांढरी वाट कोणालाही जाता येईल अशी, दीडेक किलोमीटरची, शेवटी सज्जा नावाच्या सपाट कातळावर पोचणारी. तिथे बसलं की अर्धा जिल्हा पायाशी दिसतो. लाल आणि पिवळ्या वाटेवर पाड्यावरचा वाटाड्या घेणं सक्तीचं होतं, पांढऱ्या वाटेवर नव्हतं. ठिपके बघत कुणीही जावं, हीच तर तिची गंमत.

पांढरी वाट मी मागून घेतली होती. कारण शालिनी. माझ्या बायकोला लहानपणी पोलिओ झालेला. डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार, हातात काठी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि मी दर रविवारी पाठीवर पिशवी टाकून डोंगरात जायचो आणि ती दार लावून घ्यायची. कधी एका शब्दाने बोलली नाही. त्या दिवाळीत मी तिला गाडीने कुंभेरीपर्यंत आणलं, तेव्हा ती पाड्याच्या वेशीवर उभी राहून वर सज्जाकडे कितीतरी वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "चला, उशीर होईल." तिथेच मी ठरवलं की हिला वर न्यायचं. कोणी उचलून नव्हे, तिच्या पायांनी.

उद्घाटन रविवारी होतं. ठाण्याहून चौदा जण येणार होते, त्यात दोन आजोबा, एक अंध बाई, आणि शालिनी. मी पंधरा दिवसांची रजा टाकून पाड्यावरच्या शाळेच्या खोलीत मुक्काम ठोकला होता. आणि बुधवारी सकाळी माझ्या वाटेवरचे दगड चोरीला जात होते.

त्या वाटेवर एकच अवघड जागा होती. मध्यावर एक ओहळ आडवा येतो, त्याचं पाणी पावसाळा संपून दोन महिने झाले तरी झिरपत राहतं आणि पन्नासेक पावलं चिखल होतो. बाकी जागा कशी, तर रानात शोधूनही सापडणार नाही इतकी सपाट, वर कुसुंबाच्या झाडांची गर्द सावली. चिखलावर दगड अंथरले की शालिनी सहज पार होणार होती. आणि दगड तरी किती जवळ! ओहळाच्या काठावरच, झाडांखाली, चपटे, दोन्ही हातांत मावतील असे पडलेले. ओहळातले सगळे गोलमटोल, आणि हे मात्र निवडून आणल्यासारखे चपटे. मी खूश झालो. पाड्यावरच्या पाच बायका कामाला लावल्या, त्यात हिरूची बायको सोमीही होती. दोन दिवसांत त्यांनी पाटीत घालून दगड आणले, मी चिखलात बसवले आणि एकेकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला.

हिरू तेव्हा तिथे नव्हता. मंडळाचे चिटणीस म्हसकर त्याला लाल वाटेवर घेऊन गेले होते, कारवीची झुडपं तोडायला. तिसऱ्या दिवशी तो परत आला, मी मोठ्या कौतुकाने त्याला माझं काम दाखवायला नेलं. तो बघताबघता खाली बसला.

"काय झालं?"

"दमलो, साहेब." मग जरा वेळाने, "ही वाट वरच्या अंगानं न्या ना. ओहळाच्या अलीकडनं."

"वरून चढ आहे. का न्यायची?"

"न्या. बरी पडंल."

"पण का?"

तो उठून चालायला लागला. कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला तेव्हाच वाटलं. दुसऱ्या दिवसापासून दगड जायला लागले.

गुरुवारी आणखी चार गेले. आणि त्याच दिवशी मला दुसरा पुरावा मिळाला. ओहळाच्या बरंच अलीकडे, एका ऐनाच्या खोडावर चुन्याचा पांढरा ठिपका होता. माझा नव्हे. माझा रंगाचा डबा कुलपात असायचा आणि किल्ली माझ्या कमरेला. पुढच्या झाडावर दुसरा ठिपका, मग तिसरा, वाट सोडून डावीकडे वर झाडीत शिरणारे. म्हणजे कुणीतरी माझ्याच खुणा वापरून माणसं भलतीकडे वळवत होतं. मी दहाबारा पावलं त्या बाजूला गेलो, पुढे गर्द झाडी बघून मागे फिरलो. चुना कोणाच्या नखावर असतो हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

हेतूही सरळ होता. पांढऱ्या वाटेवर वाटाड्याची गरज नाही. ती बिघडली, लोक चुकायला लागले, की तिथेही वाटाड्या लागणार, आणि वाटाड्यांच्या यादीत पहिलं नाव हिरूचं. हे मी म्हसकरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "राऊळ, तुम्ही नाक्यावरची टोपी घरी ठेवून येत चला." पण दगड गेलेले त्यांनाही दिसत होते.

शुक्रवारी संध्याकाळी मी पाड्यावर सगळ्यांना बोलावलं. हिरू पुढे उभा राहिला. मी एकेक पुरावा मांडला. पायाचे ठसे, चुना, डुकरांची थाप. माझा आवाज चढत गेला हे मला कळत होतं आणि मला त्याची मजाही वाटत होती, हे आता लपवून काय उपयोग.

"तू दगड नेलेस की नाही?"

तो गप्प.

"कुठे टाकलेस?"

गप्पच. त्याची नजर एकदा बाया उभ्या होत्या तिकडे गेली आणि खाली आली. मी त्याला लाज समजलो.

"मग वाटाड्यांच्या यादीतून याचं नाव काढा," मी म्हसकरांना म्हणालो.

गर्दीतून सोमी पुढे आली. लहानखुरी बाई, कधी दोन वाक्यांच्या वर बोललेली मी ऐकली नव्हती. "नाव काढू नका, साहेब. मी दुसरी दगडं आनते. ओहळातली. गोल हायत, पन बशिवता येतील."

"गोल दगडावरून माझी बायको घसरून पडेल," मी म्हणालो. नाव निघालं. हिरूने मान हलवली आणि तो घरात गेला. पाड्यावरचे पुरुष एकमेकांकडे न बघता पांगले. कोणीही त्याची बाजू घेतली नाही, आणि कोणी माझीही घेतली नाही. मला हे खटकायला हवं होतं.

शनिवारी सकाळी मी वर गेलो आणि ओहळाजवळच्या कारवीत दडी मारून बसलो. दगड टाकतो कुठे ते मला बघायचंच होतं. तेवढी एक ताडपत्री उचलायची राहिली होती. नऊच्या सुमारास हिरू आला. एकटाच. कोयत्याने चिखलातला एक दगड उकरला, ओहळात नेऊन धुतला, त्यावरचा माझा ठिपका कोयत्याच्या पात्याने खरवडून काढला. मग दोन्ही हातांवर तो दगड धरून कुसुंबाच्या झाडांखाली गेला, वाकला, आणि दगड जमिनीवर ठेवला. टाकला नाही, ठेवला. तळहाताने दाबून बघितला, कडेची माती सारखी केली, उठला आणि वळून चालायला लागला.

चोर मी आयुष्यभर बघितले आहेत. चोर आजूबाजूला बघतो, मागे तर हमखास बघतो. हिरूने मागे वळून बघितलं नाही. दुसरा दगड नेला, ठेवला, पुन्हा तसाच पाठ फिरवून आला.

मी कारवीतून बाहेर आलो. "हिरू."

तो दचकला नाही. "हितं नको, साहेब. वर चला. वर बोलू."

तो पुढे, मी मागे. चुन्याच्या ठिपक्यांची ती दुसरी वाट आम्ही धरली. पहिली झाडी ओलांडल्यावर मी थबकलो. आत वाट होती. नीट, हातभर रुंद, काटेकुटे काढलेली. चढ होता तिथे लाकडाचे ओंडके आडवे टाकून पायऱ्या केल्या होत्या, इतक्या बुटक्या की लहान मूलही चढेल. मी पायऱ्यांकडे बघतोय हे त्याने पाहिलं.

"बाईसाहेब दिवाळीला आल्या हुत्या ना. गाडीतनं उतरल्या तवा मी बघितलं, पाय वीतभर उचलतो त्यांचा. त्याच्या वर एक बी पायरी नाय."

मी खाली बसलो. तो उभाच राहिला.

"ती दगडं आमी ठिवलेली हायत," तो म्हणाला. "कोल्ह्यानं उकरू नये म्हनून."

"काय उकरू नये?"

त्याने दोन्ही हात समोर धरले, मध्ये हातभरसुद्धा अंतर नव्हतं. "एवढी. दात यायच्या आधी जातात ती. त्यांना जाळत नायत."

वरच्या झाडावर एक कुकुडकुंभा पक्षी सारखा ओरडत होता. मला ते दगड आठवायला लागले, एकेक, मी हातात घेऊन उलटसुलट करून बघितलेले, चांगला चपटा आहे म्हणून खूश होऊन चिखलात दाबलेले.

"अरे, मग सांगायचंस मला."

"कवा? त्या जागंवर ह्ये बोलत नायत. आन् काल बाया हुत्या समोर."

मग त्याने सांगितलं, तुटक तुटक. मूल गेलं की बाप एकटा घेऊन जातो. पुरून, वर दगड ठेवून, मागे न बघता दुसऱ्या वाटेने घरी येतो. जागा कोणती ते पुरुषांना माहीत असतं, पण बायांसमोर कधी बोलायचं नाही. आईला तर मुळीच नाही.

"आईला का नाही?"

"ती हितं येऊन बसंल, साहेब. मंग घरातल्या जित्या पोरांकडं कोन बघंल?"

"तुझं आहे इथे?"

"एक. पोरगी. सा वर्सं झाली."

"आणि सोमीला..."

"नाय ठावं." त्याने तंबाखू मळायला घेतली आणि मळताना हात थांबले. "लाल वाटेवरनं आलो आन् बघितलं. पाटीत घालून तिनंच आनली दगडं."

मी त्या माणसाला पाड्यासमोर चोर ठरवला होता. मला माझीच किळस आली. नाक्यावर कधी चुकून एखाद्याचा ट्रक रिकामा निघाला तर मी "जा" एवढंच म्हणायचो. इथे तसं म्हणून भागणार नव्हतं. मी उठलो, त्याच्या मागोमाग खाली गेलो आणि उरलेले दगड चिखलातून काढून, धुऊन, रंग खरवडून त्याच्या हातात देत राहिलो. झाडांखाली तो एकटाच गेला. दुपारपर्यंत सगळे संपले.

संध्याकाळी मी पुन्हा सगळ्यांना गोळा केलं. आता खरं सांगता येत नव्हतं, म्हणून खोटं बोललो. म्हणालो, वाट वरून न्यायची हे मीच हिरूला सांगितलं होतं, दगड काढायलाही मीच सांगितलं होतं, कामाच्या गडबडीत विसरलो आणि डोक्यात राख घालून घेतली. माझं चुकलं. त्याचं नाव परत घाला.

"विसरलात?" म्हसकर म्हणाले. "दगड काढायला सांगितलेलं विसरलात, आणि तीन दिवस चोर शोधत होतात?"

"हो."

मी ट्रकवाल्यांकडे जसं बघायचो तसं ते माझ्याकडे बघत होते. हिरूने माझ्याकडून काय कबूल करून घेतलं असेल याचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालू होता, आणि पुढे मंडळात असेपर्यंत त्यांनी मला कुठल्याच कामात एकटं सोडलं नाही. पाड्यावरच्या पुरुषांपैकी एक म्हातारा मात्र पुढे आला आणि न बोलता माझ्या हातावर तंबाखूची चिमूट ठेवून गेला. मी तंबाखू खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

आज हिरू नाही, सोमीही नाही, म्हणून हे लिहितो आहे. नाहीतर लिहिलं नसतं.

रविवारी चौदा जण आले. शालिनीने नवे बूट घेतले होते आणि ते मला दिसू नयेत म्हणून साडी खाली सोडली होती. ऐनाच्या झाडाशी आल्यावर ती थांबली. ओहळाकडची मोकळी, सपाट जागा तिथून दिसते.

"ती वाट सरळ दिसतेय. तिकडून का नाही?"

"चिखल आहे."

"तुम्ही तर दगड घालणार होतात. पंधरा दिवस फोनवर तेच सांगत होतात."

"नाही जमलं."

"तुम्ही खोटं बोलायला लागलात की वाक्यं छोटी होतात," ती म्हणाली. पण तिने काठी पहिल्या ओंडक्यावर टेकली. पाय उचलला, ठेवला. मग दुसरा. हिरू चार पायऱ्या पुढे, अंध बाईंचा हात धरून चालला होता. पाचसहा पायऱ्या झाल्यावर शालिनी म्हणाली, "या पायऱ्या कुणी केल्यात? माझ्या मापाच्या आहेत." मी हिरूकडे बोट दाखवलं.

वळणावर सोमी पाण्याचा हंडा घेऊन बसली होती. सगळे विसाव्याला थांबले. शालिनी एका ओंडक्यावर टेकून धाप घेत होती, चेहरा लालबुंद, आणि मी तिला इतकी खूश कधी बघितली नव्हती. सोमी तांब्या भरून माझ्यापाशी आली. बाकीच्यांकडे पाठ करून उभी राहिली.

"त्यानं तुमाला सांगितलं," ती हळू म्हणाली.

"काय?"

"मी इचारत नाय, साहेब." तिने तांब्या माझ्या हातात दिला. "काल तुमी खोटं बोललात, तवाच कळलं."

मी पाणी प्यायचं नाटक केलं.

"पोरगी गेली त्या दिशी हा घरी आला, तवा त्याच्या पायाला काळी माती हुती. समद्या रानात काळी माती त्या एकाच जागंला हाय. दुसऱ्या दिशी लाकडाला म्हनून गेले. नवा दगड लगेच कळतो, त्याच्यावर शेवाळ नसतं."

"मग तू ते दगड... मी सांगितलं तेव्हा नकार का दिला नाहीस?"

"नाय म्हनले असते तर का म्हनून इचारलं असतं तुमी. गड्यांना कळलं असतं." ती ओहळाच्या दिशेला न बघता बोलत होती. "आमी पाच जनी हुतो कामाला. समदी दगडं उचलली. पाच नाय उचलली, एकेकीनं एक. जागंवर हायत, बघा जाऊन. कुनी कुनाला इचारलं नाय."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. वर हिरू अंध बाईंना समोर कुठली झाडं आहेत ते सांगत होता.

"त्याला बोलू नका," सोमी म्हणाली. "मला ठावं नाय असं त्याला वाटतंय. तेवढ्यावर त्याला झोप लागती."

तिने माझ्या हातून तांब्या काढून घेतला, पुन्हा भरला आणि शालिनीला पाणी द्यायला गेली.